मामाजींचं धोतर आणि माझं दुकान

वाशीममध्ये माझं कूलरचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात मला मोबाइलवर जाहिरात करायची हुक्की आली. व्हिडिओच्या आधी येते ना, पाच सेकंद बघावीच लागते आणि मग 'स्किप'चं बटण उगवतं, तसली. हिरो म्हणून सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना घेतलं. ते अनसिंगहून मिशीला तेल लावूनच आले. कूलर फुल सोडला, मामाजींचं धोतर उडालं, ते दोन्ही हातांनी सावरत ओरडले, "अबे, बंद कर!" मग दुकानाचं नाव आणि पत्ता.

जाहिरात गाजली. पार रिसोडपर्यंत लोक ते धोतर ओळखायला लागले. माझ्या दुकानात मात्र माशा. आठवड्याने समोरचे कूलरवाले भाईजान चहा घेऊन आले.

"तुमची जाहिरात जबरदस्त हाय. गिऱ्हाईकं येऊन म्हणतात, तो धोतरवाला कूलर दाखवा."

"मग तुमी काय केलं?"

"दाखवला."

घरी येऊन बायकोला विचारलं, "आपली जाहिरात पाह्यली का?"

"बाबांचं धोतर उडेस्तोवर पाह्यली. मंग बटण दाबलं."

"आन् बाकीच्या जाहिराती?"

"त्या कोण पाह्यते? मी आकडा पाहून राह्यते. पाच, चार, तीन."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुकानाचं नाव आठव्या सेकंदाला येत होतं. तोवर अख्खा जिल्हा बटण दाबून मोकळा.

दुसऱ्या वेळी ठरवलं, मामाजी आधी नाव ओरडतील, धोतर नंतर. ते भडकले. "जवाईबापू, लोक मले पाह्याले थांबतात, तुमच्या नावाले नाही." खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. शेवटी धोतर उडतानाच नाव ओरडायचं, यावर तडजोड झाली.

या वेळी लोक बरोबर माझ्या दारात आले. रिठदच्या पहिल्याच माणसानं दुकानभर नजर फिरवली.

"बुढा कुठी हाय?"

"ते गावी असतात."

तो कूलरला हात न लावता निघून गेला. मी मुकाट्यानं अनसिंगला फोन लावला.

आता मामाजी रोज माझ्या खुर्चीत बसतात. लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात, त्यातले काही लाजेकाजेस्तव कूलरही घेतात. कुणी टाकीत पाणी किती मावतं असं विचारलं, की मामाजी माझ्याकडे बोट दाखवतात.

"त्यायले विचारा. मी कलाकार हाय."