चौतीस घरांचा चहा

पौर्णिमाबाईला चहा आवडत नाही. हे मला कळलं तेव्हा मी इतका हसलो, की खोकल्याची उबळ आली. कारण सहा वर्षांपासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही बाई आमच्या वस्तीतल्या चौतीसही घरी चहा पीत आली आहे. अर्धा कप का होईना, पण चौतीस घरी.

दर्यापूरहून जीपनं पाऊण तासावर आमचं गाव. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही बदलून सांगतो, कारण जिची ही गोष्ट आहे तिनं तीच अट घातली. पौर्णिमाबाई एका संस्थेतर्फे एचआयव्हीची माहिती देत गावोगाव फिरते. पंचेचाळिशीची बाई. खांद्याला कापडी पिशवी, टाचांना भेगा. ओट्यावर बसली की आधी चप्पल काढून पाय चोळते, मग बोलते.

पहिल्यांदा आली तेव्हा मीच विचारलं होतं, "काहून वो बाई, साऱ्याच घरी कायले जाता? ज्याले रोग, त्याच्या घरी जा ना."

"आबाजी, मी एकाच घरी गेली, त त्या घरचं पानी उद्यापासून कोणी पेणार नाही. म्हणून सारीच घरं. कोणाचं काय, कोणाले कळाचं काम नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण एवढी अक्कल मला सुचली नसती.

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. लहानपणी पाटलाच्या खळ्यावर आम्हाला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. ते विसरलेला माणूस आमच्या वस्तीत सापडणार नाही. आणि त्याच वस्तीत मोतीराम गवंडी या आजारानं खंगला, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावजयीनं, दुर्गाबाईनं, त्याच्यासाठी खिडकीत एक कप वेगळा ठेवला होता. तो गेला तशी तो कप उकिरड्यावर. कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. ते अजून टोचतं.

मग हे माझ्याच घरात आलं.

माझा नातू संघपाल बोअरवेलच्या गाडीवर कामाला. सहा-सहा महिने कर्नाटकात. त्याची बायको प्रणाली गरोदर राहिली आणि तपासणीत दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. त्या दोघांशिवाय घरात हे मला एकट्याला माहीत होतं, कारण गोळ्या लपवायला तिला माझा डबा लागला.

"तुमच्या बीपीच्या डब्याले आई हात नाही लावत, आबाजी."

आई म्हणजे तिची सासू, माझी सून पार्वताबाई. मनाची मोठी, पण तोंडाला झाकण नाही. तिला सकाळी सांगितलेलं दुपारी दर्यापूरच्या बसस्टँडवर ऐकू येतं.

रोज एक गोळी. ती चुकली नाही तर लेकराला आजार लागण्याची भीती फार कमी, असं पौर्णिमाबाई सांगायची. सातव्या महिन्यात प्रणालीला गोळ्यांसाठी अमरावतीच्या दवाखान्याचा हेलपाटा झेपेना, म्हणून बाईच गोळ्या आणू लागली, पिशवीत पत्रकांच्या खाली.

मे महिन्यातला मंगळवार. जीप वाटेत बंद पडली. बाई तशा उन्हात चार किलोमीटर पायी आली. पोचली तेव्हा साडेचार, आणि परतीची शेवटची जीप पाचला. प्रणालीच्या गोळ्या त्याच दिवशी संपलेल्या. बाई सरळ आमच्याकडे आली, गोळ्या दिल्या, पाणी प्याली, गेली. एवढंच. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती एकाच घरी आली होती.

संध्याकाळी टाकीवर दुर्गाबाई हंडा भरता भरता म्हणाली, "आज बाई सीधी पार्वताच्याच घरी गेली वो. काहून असन?" प्रणाली मागेच बादली घेऊन उभी होती.

रिकामी बादली घेऊन ती घरी आली आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसली. "रविवारी माझी ओटी भराची हाये. कोणी येत नाही आता. मले त्या गोळ्याच नाही खायाच्या, आबाजी. गोळ्या नाही त बाई येणार नाही. बाई नाही आली त कोणी बोलणार नाही."

"अन् लेकरू?"

 मी तिलाच पौर्णिमाबाईला फोन लावायला सांगितला, मला आकडे दिसत नाहीत. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक माझी हाये. पाय लय दुखत होते, आबाजी. उद्या येतो."

बुधवारी सकाळी ती पहिल्या घरापासून सुरू झाली. प्रत्येक दारात तेच वाक्य. "काल उशीर झाला, एकच घर झालं. राहिलेली तेहतीस आज." धर्मपाल मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, डास चावून होते का? तिनं पन्नासाव्यांदा सांगितलं की डासानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका कपानं होत नाही.

दुर्गाबाईनं कप पुढं केला आणि खडा टाकून पाहिला. "साऱ्याईच्या घरचा चहा पेता. भेव नाही वाटत?"

"साखरेचं वाटते, बाई. रोगाचं नाही."

आमचं घर बाविसावं. तिथं आली आणि न थांबता पुढं निघाली. आमचं काल झालं होतं ना! पण पार्वताबाईला यातलं काय ठाऊक? ती पदर खोचून गल्लीत आली.

"कावो बाई! साऱ्या वस्तीचा चहा गोड लागला, अन् आमचाच कडू?"

"पार्वताबाई, तुमचं काल झालं ना."

"काल तू पानी पेली! चहा कुठं पेली? चाल घरात!" आणि मनगट धरून ओढायलाच लागली.

दुर्गाबाई दारातून हसत ओरडली, "जा वो बाई, नाही त पार्वता उचलून नेईन!" अख्खी गल्ली हसली. घरात काही लपवायचं असेल तर पार्वताबाई असा हात धरून ओढेल का? कालच्या शंकेतली हवाच गेली. दारामागं प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं. संध्याकाळी जेवणानंतर माझ्या डब्याचं झाकण वाजलं.

रविवारी वस्तीतल्या सगळ्या बाया आल्या. दुर्गाबाईनंही ओटी भरली, साखर प्रणालीच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातली.

मुलगी झाली. सहा आठवडे तिला पातळ औषध पाजलं, खोकल्याचं आहे असं घरात सांगून. मग दर काही महिन्यांनी तपासण्या. शेवटची अठराव्या महिन्याला, आणि तोवर खात्री नाही. निकाल फोनवर सांगायचा नाही असं ठरलेलं, कारण घरातला फोन पार्वताबाईच उचलते.

मागच्या मंगळवारी बाई त्या शेवटच्या तपासणीचा निकाल घेऊन आली. आली म्हणजे पहिल्या घरी आली. प्रणाली सकाळपासून उंबऱ्यात. आठवं घर, चौदावं घर, मग धर्मपाल मास्तरांचे डास. प्रणालीनं तीनदा तेच तांदूळ निवडले. मी म्हटलं, "हाक मारू का?" ती म्हणाली, "नका मारू, आबाजी. येऊ द्या वळीनं."

अडीच वाजता बाविसावं घर आलं. बाईनं चप्पल काढली, पाय चोळले. पार्वताबाई चहा ठेवायला आत गेली तशी बाई हळूच म्हणाली, "काही नाही निघालं. लेकरू चांगलं हाये."

प्रणालीनं पदर तोंडात कोंबला. पोरगी बाईच्या पिशवीतली पत्रकं ओढत होती.

चहा आला. बाईनं संपवला आणि कप पुढं केला. "पार्वताबाई, अजून असन त द्या."

मी चकित. "बाई, आज दुसरा कप?"

"मले चहा आवडतच नाही, आबाजी. पण आज पेतो," ती म्हणाली, तेव्हा मी हसलो तो हाच प्रसंग. दुसरा कपही तिनं पूर्ण प्याला.

मग भेगाळलेल्या टाचा चपलेत घातल्या, भिंतीला हात टेकून उठली. अजून बारा घरं राहिली होती.