निरोगी माणसांच्या यादीतला भाऊ

माझी ताई शास्त्रज्ञ. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच किडनीवर का उलटतात, या एका प्रश्नापायी तिने सव्वीस वर्षं घातली. लग्न राहिलं ते राहिलंच. प्रयोगशाळेत तिला मागून ‘तराजू’ म्हणत, कारण ती शब्दसुद्धा तोलून टाकायची. मी तिचा धाकटा भाऊ, वायरमन. घरातली सगळी अक्कल तिने नेली आणि याच्या वाट्याला पक्कड आली, असं वडील चारचौघांत सांगत. मीही हसायचो.

तिच्या कामाला आजारी माणसं लागत तशी तुलनेसाठी निरोगीही लागत. आजारी रांगेने मिळतात. धडधाकट माणूस आपणहून सुई टोचून घ्यायला कशाला जाईल? मग नातेवाईक, शेजारी, शिपाई, जो सापडेल त्याला धरून न्यायचं. दरवर्षी मी जायचो, रक्त आणि लघवी देऊन, वर चहा पिऊन परत यायचो. बाटलीवर नाव नसे, नुसता नंबर. कुठला नंबर कोणाचा ही यादी बंद पाकिटात, मोठ्या साहेबांच्या कपाटात. तपासणाऱ्याचं मन कोणाकडे झुकू नये म्हणून हा नियम होता, आणि तो ताईनेच हट्टाने घालून घेतलेला.

तीन वर्षं अकरा नंबरच्या निरोगी माणसाच्या रक्तातला एक आकडा फुगलेला येत होता. तिन्ही वेळा तिने ‘नमुना खराब’ असा शेरा मारून तो गाळला. शोधनिबंध स्वच्छ झाला. त्याला मोठा पुरस्कार जाहीर झाला.

त्याच महिन्यात माझे पाय सुजले. पायात बूट जाईना. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. ताईने साहेबांकडून पाकीट मागून घेतलं, उघडलं आणि तडक घरी आली. बसलीसुद्धा नाही.

“अकरा नंबर तू होतास.”

“म्हणजे?”

“म्हणजे तीन वर्षांपूर्वीच कळलं असतं. कदाचित औषधाने थांबवता आलं असतं.”

“ताई, एकच फ्यूज तीनदा उडाला तर मी फ्यूजला शिव्या देत नाही. वायरिंग उघडून बघतो. आणि मी तर दहावी नापास.”

ती रडली नाही. मला ती रडायला हवी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आमची आत्या म्हणाली, तेही तिच्या तोंडावर.

ताई स्वतःची किडनी द्यायला निघाली, तर तपासणीत तिला मधुमेह निघाला. मग तिने निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं. साहेबांनी समजावलं, “एका माणसाने निष्कर्ष बदलत नाही. गप्प बसा.”

“तो माणूस गाळून मी खोटं लिहिलं,” ती म्हणाली. “आणि रोग दिसायच्या आधीची खूण बहुधा त्याच आकड्यांत होती.”

पत्र गेलं. पुरस्कार गेला, संशोधनाला मिळणारी मदत थांबली, हाताखालचे लोक दुसरीकडे पांगले आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. बाईने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं लोक म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आता आठवड्यातून तीनदा माझं रक्त मशीनमधून फिरतं. ताई शेजारी स्टुलावर येऊन बसते. तिला आता दुसरं काम नाही. आठ महिने मी तिच्याशी चकार शब्द बोललो नाही. परवा तीच म्हणाली, “राग असेल तर ओरड. पण बोल.”

“पत्र कशाला पाठवलंस?” मी खरोखरच ओरडलो. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकले. “माझ्या किडन्या गेल्या त्या गेल्या. ती खूण आता शोधणार कोण?”

“शोधेल कोणीतरी.”

“कोण? नाव सांग!”

ताईला एकही नाव सांगता आलं नाही.