ओझेला प्रुइटच्या टोपीवाल्या बायका

ओझेला प्रुइट तीस वर्षं अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या पोस्टात पत्रं निवडत होती. आठवडाभर अंगावर निळा डगला, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर गळ्यात कॅमेरा. प्रार्थना संपली की बायका टोप्या सावरत बाहेर यायच्या. पिसांच्या, जाळीच्या, परातीएवढ्या रुंद टोप्या. ओझेला एकेकीला उन्हात थोपवून धरायची.

कॅमेरा नवऱ्याचा. कोरियाच्या लढाईवरून येताना त्यानं तो आणला आणि दोन रोलांत त्याची हौस फिटली. ओझेलाची फिटलीच नाही. नवरा गेल्यावरही तिनं तो हातचा सोडला नाही. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून ती तिथंच आंबट वासाच्या रसायनांत फोटो धुवायची. मुलगी कुरकुरायची, "आई, आपल्याकडे आंघोळ केली की माणसाला लोणच्यासारखा वास मारतो."

तिला फोटो काढायला कुणी शिकवलं नव्हतं. पांढरी टोपी आणि काळा चेहरा एका चौकटीत आले की उजेड मोजायचं यंत्र टोपीचं ऐकतं आणि चेहऱ्याचा शाईचा डाग होतो. शेकडो फोटो वाया घालवून ओझेलानं यंत्राचं ऐकणं सोडलं होतं. तिच्या फोटोत कपाळावरचा घामसुद्धा दिसायचा.

माझे आईवडील पोर्तो रिकोचे. मी तेव्हा बेकरीत पाव भाजायचो आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचो. फिल्म विकत घेता घेता एकाच दुकानात आम्ही सहा जण ओळखीचे झालो: ओझेला धरून चार काळे, एक मेक्सिकन मुलगी आणि मी. शहरातल्या एका गॅलरीनं आमचे फोटो 'ठरावीक वस्तीपुरते' म्हणून परत केले. तेव्हा, शहाऐंशीच्या वसंतात, आम्ही बंद पडलेलं फर्निचरचं दुकान मागून घेतलं आणि प्रदर्शन तिथंच भरवायचं ठरवलं.

ओझेला तयार नव्हती. म्हणाली, "विल्फ्रेडो, माझे फोटो भिंतीसाठी नसतात. ज्याचे त्याला देऊन टाकायचे असतात."

"मग ज्यांचे आहेत त्यांनाच बोलावू की," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी सगळं चर्च लोटलं. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, मी आणलेले पेरूचा गर भरलेले पाव. लोक भिंतीवर स्वतःला शोधत होते, सापडले की शेजाऱ्याला ओढून आणत होते.

तेवढ्यात सिस्टर मिनर्व्हा गॅड्सडन आल्या. वय ऐंशी. नन नव्हेत; चर्चमध्ये बायकांना सिस्टरच म्हणायची पद्धत. चर्चमध्ये कुणी कुठं बसायचं हे त्याच ठरवत. त्यांच्या फोटोत मान मागं टाकून त्या खदखदून हसत होत्या, टोपी कानावर आली होती आणि पुढचा दात नाही हे स्वच्छ दिसत होतं.

"ओझेला, हे खाली उतरव."

"सिस्टर, हा माझा सगळ्यात चांगला फोटो आहे."

"फोटो तुझा असेल. तोंड माझं आहे."

लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

आमच्यातला रूफस टेट कला शिकवायचा. तो हळूच म्हणाला, "मिस ओझेला, उतरवू नका. कलाकारानं असं ऐकायचं नसतं."

"कलाकार तू आहेस," ओझेला म्हणाली. "मला उद्या यांच्या शेजारी बाकावर बसायचंय."

तिनं फोटो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळून सिस्टरच्या हातात दिला. तिचा चेहरा पडला होता, हे मी पाहिलं. पण लगेच तिनं एक खुर्ची ओढून दर्शनी काचेजवळ ठेवली. "बसा. आता तुम्ही सांगाल तसा काढते."

सिस्टर बसल्या. टोपी सरळ केली, हातमोजे ओढले, मांडीवर पर्स ठेवली, ओठ घट्ट मिटले.

"श्वास घेऊ का?"

"घ्या, सिस्टर. फोटोला चालतो."

सोमवारी तो फोटो त्याच जागी लागला. राणी तख्तावर बसावी तशा सिस्टर, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप नीट उभं राहावं. रूफस बराच वेळ त्याच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "मी चुकलो होतो."

खरी मजा पुढं झाली. सिस्टरचं पाहून दुसऱ्या दिवशी एक न्हावी सुटाबुटात आला. "मलाही त्या खुर्चीत बसायचंय," म्हणाला. मग दोघी जुळ्या बहिणी, मग नातवाला घेऊन एक निवृत्त बसचालक. ओझेला पोस्टातून सुटली की थेट दुकानात यायची. दोन आठवड्यांचं प्रदर्शन पाच आठवडे चाललं आणि भिंतीवर जागा उरली नाही. मेक्सिकन मुलगी, ग्रिसेल्दा, भिंतीवरचे आपले दोन फोटो उतरवत म्हणाली, "लावा इथं. माझे लोक पण येतायत, उद्या आजी बसणारे."

शेवटच्या दिवशी मी पुन्हा पेरूचे पाव आणले आणि सगळे फोटो ज्याचे त्याला वाटले. ओझेलाचे हात रिकामे झाले तेव्हा ती त्याच खुर्चीत टेकली आणि बूट काढून पाय चोळू लागली.

"दमलात?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "तीस वर्षं मी लोकांच्या मागं धावत होते, विल्फ्रेडो. या महिन्यात ते आपल्या पायांनी आले. तो पेरूचा पाव राहिलाय का एखादा?"

एक राहिला होता. तो तिनं एकटीनं खाल्ला.