बाटलेलीचं सोवळं

आईचं सोवळं म्हणजे आमच्या घरातला कायदा. पहाटे आंघोळ, दांडीवर वाळलेलं लुगडं काठीनंच काढायचं, स्वयंपाक होईस्तोवर कुणाला शिवायचं नाही. चुकून शिवलं की पुन्हा आंघोळ, तीही ग्वाल्हेरच्या जानेवारीत! मी दात वाजवत मनातल्या मनात चरफडायचे. पुढे येशूच्या मागे गेले, बाप्तिस्मा घेतला, तेव्हा एक गोष्ट मात्र लगेच पटली: सुटले बाई त्या सोवळ्यातून.

धाकट्या भावानं बोलणं टाकलं. "घराण्याचं नाक कापलंस," एवढंच म्हणाला.

गेल्या वर्षी त्याचाच फोन आला. भावजयीला रक्ताचा कॅन्सर. ग्वाल्हेरच्याच कंपू भागातल्या हॉस्पिटलात केमो झाली, घरी सोडलं, पण अंगात रोगाशी लढायची ताकदच उरली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं: ताजं, शिजवलेलं, गरम, शिळं नको, मळका हात नको, साधा ताप आला तरी जिवावर बेतेल. आणि स्वयंपाकाची बाई शिंकत शिंकत पोळ्या लाटत होती! आई गेलेली. भावाला धड चहा येत नाही. "ताई, तू येशील?" म्हणताना तो रडायलाच लागला.

मी गेले. ओटा घासला, आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले, पाणी उकळलं. दाल बाजारातून आणलेली मूगडाळ निवडता निवडता हात थांबले. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. कशाला हात लावायचा, कशाला नाही, चव न घेता मीठ किती घालायचं, सगळं मला येत होतं. अख्ख्या घराण्यात सोवळं येणारी मी एकटी उरले होते, आणि बाटलेलीही मीच! ज्या सोवळ्यावर मी इतकी चिडले, ते देवानं मला याच दिवसासाठी शिकवून ठेवलं होतं. "देवा, तू काहीच वाया जाऊ देत नाहीस रे," मी मोठ्यानं म्हटलं. मग डाळ धुतली.

भावजय कशीबशी खायची. "वन्सं, खिचडी एकदम बढ़िया है," म्हणायची आणि अर्धी टाकायची. टाकलेलं मी पुन्हा वाढत नसे, नवी शिजवायचे. रोज सकाळी तिला थर्मामीटर लावला की माझा जीव टांगणीला. प्रार्थना करायचे आणि कामाला लागायचे. ताप काही आला नाही.

एके दुपारी बाहेरून भावाचा आवाज आला, "ताई, रिपोर्ट आला! चांगल्या पेशी वाढल्यात!" मी भात ढवळत होते. तो धावत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकला. ओले हात वर धरलेले, कोपरांवरून पाणी गळतंय.

"साबणानं धुतलेत," म्हणाला. "आत येऊ का?"

त्याच्याच घरात तो मला विचारत होता. रडत रडतच मी म्हटलं, "ये."