सेटवाले काका

१९ एप्रिल. गच्चीवर मसाल्याच्या मिरच्या उलटत होते, तेव्हा शेजारचे काका जिना चढून आले. केसांत सिमेंटची भुकटी. म्हणाले, "बाय, जरा खाली ये. एक वस्तू बघून घे." मी हातातली मिरची टाकली. आपण केलेली वस्तू दुसऱ्याकडून तपासून घेणारे काका उभ्या बोरिवलीने पाहिले नसतील.

अख्ख्या इंग्रजीतला एकच शब्द काकांनी आपलासा केला आणि त्यावर सगळं आयुष्य निभावलं. मढच्या बंगल्यांत शूटिंगसाठी देवळं, तुरुंग, राजवाडे उभारणारे ते सुतार. 'सेट' तिथून घरी आला आणि पसरला. दही लागलं, सेट. कवळी बसली, सेट. टीव्ही सेट, काकींचा मोत्यांचा सेट. लेक कणकवलीला दिली तेव्हा "पोरगी सेट". वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तर तिथेही हात जोडून म्हणाले, "सेट झाले बिचारे." आजोबांच्या सुनेने मान डोलावली. तिलाही बहुधा तेच वाटत होतं.

माझं स्वयंपाकघरातलं कपाट त्यांनीच केलं. दिसायला झकास. चार खणांपैकी उघडतो मात्र एकच. बाकी तिन्हींना नुसत्या मुठी.

"काका, हे काय?"

"कॅमेऱ्यात चारव दिसतत."

"आणि चमचे कुठे ठेवू, कॅमेऱ्यात?"

"पयल्यात ठेव गो. सेट आसा."

दहा दिवसांपूर्वी काकी घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. लेक आली, आणि तिने हॉस्पिटलातच सांगितलं, "बाबा, आई धरून धरून न्हाणीघरापर्यंत गेली तर इथे घरी राहील. नाहीतर मी तिला कणकवलीला नेते. तुमच्या दिखाऊ फळ्यांच्या भरवशावर नाही ठेवणार." काका एरवी वाद घालतात. त्या दिवशी त्यांनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

खाली गेले तर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला सागवानी दांडा. रंग नाही, नक्षी नाही. दर हातभर अंतरावर जाड बोल्ट.

"लोंबकळ," काका म्हणाले.

मी काही हलकी बाई नाही. पाय उचलून लोंबकळले. दांडा कुरकुरलासुद्धा नाही. मग काकांनी स्वतः लोंबकळून पाहिलं. मी निघाले तरी ते बोल्ट आवळतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी घरी आल्या. लेक दोन्ही हात पसरून मागे. काकींनी दांडा धरला, एकेक पाऊल टाकत न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, "अवो, चाय ठेवलात?"

लेकीने पसरलेले हात खाली घेतले. काका चहा ठेवायला गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. मी आत डोकावले. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, दूध वर येत होतं. मी गॅस बंद केला, कप मांडले आणि चहा गाळून बाहेर नेला.