गुहेचं वय

गोंदियाला पाहुणे आले की मी त्यांना कचारगडच्या डोंगरातली गुहा दाखवायला नेतो. वाटाड्या ठरलेला, नाव मात्र मी कधी विचारलं नाही. गुहेपाशी पोचल्यावर पाहुणे विचारतात, "किती जुनी?" तो आधी वैद्यासारखा त्यांचा श्वास ऐकतो. न दमलेल्यांना हजार वर्षं सांगतो, धापा टाकणाऱ्यांना तीन हजार.

एकदा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "काऊन फेकून राहिला बा?"

"इतकं चढून आलेल्या मानसाले कमी जुनं कसं दाखवाव जी?"

परवा पाहुणे पुढे निघून गेले. मी मागून पोचलो आणि गुडघे धरून उभा राहिलो. काही विचारलंही नव्हतं. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाला, "पाच हजार वर्षं झाले जी."