एटीएमपर्यंतची चाल

मुलुंडमध्ये मी आणि माझी मैत्रीण घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देतो. बिल थकलं की मी नम्र मेसेज पाठवते. ती थेट घरी जाऊन बेल वाजवते, चपला काढते आणि आधी चहा मागते. माझे तीन महिन्यांचे पैसे थकवलेल्या काकांकडे एकदा तीच मला ओढत घेऊन गेली.

"काका, गुडघा कसाय?" तिनं विचारलं.

"झकास! जिना चढतो आता."

"मग एटीएमपर्यंत चला ना, मी हात धरते."

काका हसत निघाले. पैसे माझ्या हातात देऊन त्यांनी तिलाच विचारलं, "सोमवारपासून तुम्ही याल?"

"नाही हो. तुम्हाला चालतं हिनं केलंय," ती म्हणाली.

तिनं हो म्हटलं असतं, तर निदान मला तिच्याशी भांडता आलं असतं.